परदेशात लेकाकडे जायचंय म्हणून व्हिसासाठी खात्यात उसने पैसे भरून बॅलन्स दाखवायचा का?

कडोलीवाला
मंडळी, आता आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात गल्लीत एखादं तरी पोर बाहेर आहेच, कोण लंडनला कोण जर्मनीला. आणि आईवडील नातवंडं बघायला जायचं म्हटले की पहिला सल्ला ठरलेला, "खात्यात सात-आठ लाख भरा, स्टेटमेंट काढा, मग परत देऊन टाका." काही एजंट तर स्वतःच पंधरा दिवसांसाठी पैसे देतात आणि त्यावर व्याज घेतात. माझं स्पष्ट मत आहे, हे करू नये.

यूकेच्या व्हिजिटर व्हिसाला अमुक एवढा बॅलन्स पाहिजेच असा आकडा नियमात कुठेच नाही. नियम एवढाच की प्रवासाचा, राहण्याचा, परत येण्याचा खर्च तिथं काम न करता आणि तिथल्या सरकारी पैशावर न विसंबता भागला पाहिजे. व्हिसा ऑफिसर स्टेटमेंटची शेवटची ओळ बघून शिक्का मारत नाही, पैसा कुठून आला ते बघतो. फॉर्ममध्येच विचारतात, महिन्याला मिळकत किती, महिन्याला खर्च किती, या ट्रिपला किती खर्च करणार. वर्षभर ज्या खात्यात गॅस सबसिडी, पेन्शन आणि थोडंफार दुधाचं बिल एवढंच दिसतं त्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम ८ लाख आले तर शंका येणारच की ओ, आपल्यालाही आली असती.

निपाणीकर_आण्णा
तुमचं लॉजिक नोकरदाराला बरोबर आहे, शेतकऱ्याला नाही. ही सगळी पद्धत पगारवाल्याच्या मापाने शिवलेली आहे. एक तारखेला पगार, फॉर्म सिक्स्टीन, आयटीआर (इन्कम टॅक्स रिटर्न), झालं. आमच्याकडे काय? तंबाखूचे पैसे व्यापाऱ्याकडून येतात तेव्हा येतात, ऊसबिल कायद्याने १४ दिवसांत यायला पाहिजे पण येतं का वेळेवर? २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या जिल्ह्यात गुर्लापूर क्रॉसला उसाच्या दरासाठी शेतकरी रस्त्यावर बसले, तेव्हा कुणाच्या खात्यात काय दिसणार होतं सांगा. बिल आलं की ते पण एकदमच येतं, मग तो खरा पैसा सुद्धा संशयितच ठरतो.

आणि दुसरं म्हणजे आमच्यात अजून वाटण्या झालेल्या नाहीत. तीन भाऊ एका चुलीवर. मोठ्या भावाने माझ्या खात्यात ५ लाख टाकले तर ते उसने कसे? घरचेच ना ते? उद्या त्याच्या मुलीच्या लग्नाला मी टाकीन. याला खोटं म्हणायचं असेल तर अख्खं एकत्र कुटुंबच खोटं म्हणावं लागेल.

टिळकवाडी_सीए
आण्णा, तुमच्या मुद्द्यात दम आहे, पण दोन गोष्टी एकत्र होतायत. भावाने खरंच दिले असतील तर तसं लिहा ना. भावाचं एका कागदावर पत्र की ही रक्कम मी दिली आहे आणि परत घेणार नाही, सोबत त्याचं स्वतःचं स्टेटमेंट, त्याच्याकडे ते पैसे कुठून आले तेही दिसलं पाहिजे. सख्ख्या भावाकडून आलेल्या गिफ्टवर इन्कम टॅक्स पण लागत नाही. प्रॉब्लेम कधी होतो, तर पंधरा दिवसांनी परत जाणारे पैसे "माझी बचत" म्हणून लिहिले की.

आता शेतकऱ्याचं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून आपले लोक रिटर्नच भरत नाहीत, आणि मग व्हिसाच्या वेळी हातात काही नसतं. कर नाही म्हणजे रिटर्न भरायचं नाही असं कुठे आहे? शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्या (धंदा असेल तर वेगळा), त्यात शेतीचं उत्पन्न दाखवा, दोन-तीन वर्षं सलग भरलं की कागद आपोआप तयार होतो. कारखान्याच्या बिलाच्या स्लिपा फेकू नका. स्लिपवर टन, दर, कपात, निव्वळ रक्कम सगळं असतं, आणि तीच रक्कम त्याच तारखेच्या आसपास बँकेत जमा दिसली की एकदम आलेल्या पैशाची शंका तिथंच मिटते. सोसायटीतली पिग्मी (रोजची बचत) आणि ठेवी पण दाखवा, पण लेटरहेडवर सही-शिक्क्यासहित, नुसतं पिग्मीचं कार्ड नको. सीएकडून नेटवर्थ सर्टिफिकेट (एकूण मालमत्तेचा दाखला) घेताना त्यावर यूडीआयएन नंबर (त्या कागदाचा ओळख क्रमांक) आहे का बघा, २०१९ पासून सीएच्या सर्टिफिकेटवर तो लागतोच, नसेल तर तो कागद घेऊ नका.

निपाणीकर_आण्णा
मॅडम, कागद सगळे जोडले तरी रिजेक्ट होतात त्याचं काय? आमच्या शेजारच्या मास्तरांनी एक रुपया इकडचा तिकडे केला नाही, खरं ते लिहिलं, तरी पत्र आलं की "समाधान झालं नाही". फी गेली ती गेलीच. आणि त्याच गल्लीतल्या दुसऱ्याने एजंटकडून पैसे फिरवले, तो जाऊन आला, फोटो पण टाकले. मग लोक कुणाचं ऐकणार? तुम्ही खरं बोला म्हणताय, पण खरं बोलणाऱ्याला बक्षीस कुठंय?

लेस्टरहून_शहापूरकर
मी इथून लिहितोय, माझे आईवडील येऊन गेलेत. आण्णा, तो जाऊन आला म्हणजे त्याचं बरोबर होतं असं नाही, तो पकडला गेला नाही एवढंच. यूकेत अर्जात फसवणूक केली असं ठरलं तर १० वर्षं अर्ज फेटाळले जाऊ शकतात. साठीच्या माणसाला १० वर्षं म्हणजे काय हो? नातू शाळेतून कॉलेजला जातो. त्या एजंटचं काय जातं? तो पुढचं गिऱ्हाईक बघतो.

आणि मुळात उसने आणायची गरजच काय? यूकेत तिसऱ्या माणसाने खर्च केलेला चालतो, नातं खरं पाहिजे आणि तो तिथं कायदेशीर राहणारा पाहिजे. मी माझ्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, घराचा भाडेकरार आणि "खर्च मी करणार, माझ्याकडेच राहणार" असं पत्र दिलं. आईच्या खात्यात होतं तेवढंच ठेवलं. फक्त परत येणार हे दाखवायला बाबांचं दुकान, घरपट्टी, धाकट्या बहिणीचं कॉलेज हे सगळं जोडलं. नकार बऱ्याचदा पैशावरून कमी आणि "परत जाईल का" यावरून जास्त असतो असं माझं मत झालंय.

हां, सगळे देश सारखे नाहीत. जर्मनीत मुलगा खर्च करणार असेल तर त्याला तिथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात जाऊन रीतसर हमी द्यावी लागते, आणि ती नुसती सही नसते, खर्च अंगावर आला तर पाच वर्षांपर्यंत त्याच्याकडून वसूल होऊ शकतो. हमी नसेल तर स्वतःचे दिवसाला ४५ युरो धरतात. शेंगेनला (जर्मनीसकट युरोपातल्या देशांचा एकच व्हिसा) ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स वेगळा. अमेरिकेला उलटं, तिथं मुलाच्या कागदाला फार वजन नाही, खिडकीपुढे तुम्ही स्वतः काय सांगता ते महत्त्वाचं, २१४(बी) कलमाखाली नकाराची चिठ्ठी मिळते ती बहुतेक परत येण्याबद्दल खात्री पटली नाही म्हणूनच.

जांबोटीची_लेक
तुम्ही सगळे पुरुषांच्या खात्याबद्दलच बोलूलालाय. माझ्या आईचं सांगा. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, जमीन अजून आजोबांच्या नावावर, वारसा लागलेला नाही, काका सही देत नाहीत. आईच्या खात्यात विधवा पेन्शन सोडलं तर काही नाही. काजू आणि भाताचे पैसे काकांच्या खात्यात जातात. तिने आयुष्यभर त्याच शेतात राबून तिच्या नावावर दाखवायला शून्य. तिने पैसे भरले नाहीत तर व्हिसाच्या कागदावर ती भिकारीच दिसणार ना?

कडोलीवाला
ताई, तुमच्या आईच्या बाबतीत तर मी अजून ठामपणे सांगीन, पैसे भरू नका. पेन्शनवर जगणाऱ्या बाईच्या खात्यात ८ लाख दिसले तर पहिला प्रश्न तिलाच येणार आणि उत्तर द्यायला तीच बिचारी. तुम्हा भाऊ-बहिणींपैकी जो तिकडे असेल त्याने पूर्ण खर्च उचलावा आणि आईचं उत्पन्न पेन्शनएवढंच आहे असं सरळ लिहावं. फॉर्ममध्ये मिळकत फुगवू नका. वारशाचं काम मात्र व्हिसासाठी नाही, आईसाठी म्हणून आजच नाडकचेरीत (महसूल कार्यालयात) सुरू करा.

निपाणीकर_आण्णा
ताईंच्या केसमध्ये मी पण कडोलीवाल्यांच्या बाजूने. माझ्या केसमध्ये नाही. भावाचं पत्र जोडीन, मॅडमनी सांगितलं ते पटलं, पण "परत घेणार नाही" असं मी लिहून घेणार नाही, कारण आमच्यात देणं-घेणं चालूच राहतं आणि तेच खरं आहे. पत्रात "आमचं कुटुंब एकत्र आहे, खर्च सामायिक आहे" असं लिहिलं तर चालेल का?

टिळकवाडी_सीए
चालेल, उलट तेच लिहा, ते जास्त खरं आहे. पण मग तिन्ही भावांची नावं असलेला पहाणी उतारा (आपल्याकडचा सातबारा) आणि रेशन कार्ड जोडा म्हणजे एकत्र आहात हे दिसेल. उतारा कन्नडमध्ये असतो, तो तसाच पाठवू नका, इंग्रजी भाषांतर लागतं आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचं लिहून भाषांतर करणाऱ्याचं पूर्ण नाव, सही, तारीख आणि संपर्क पाहिजे. एकर-गुंठे तसेच ठेवून बाजूला हेक्टर लिहायला सांगा. जांबोटीच्या ताई, पेन्शनच्या मंजुरीचा कागद कन्नडमध्ये असेल तर त्याचंही असंच करून घ्या.