मदत हवी आहे: भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये बुवांच्या माईकवर टाळ फार येतोय

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या भजनी मंडळाचे काही अभंग आणि गवळणी देवळातच रेकॉर्ड केल्यात. सगळे एकत्र, सलग गायलेले. बुवा वयस्कर आहेत. त्यांना हेडफोन लावून एकट्याने गायला सांगितलं तर गाण्यातला जीवच जाईल, म्हणून ट्रॅक वेगळे घेतलेच नाहीत.

बुवांसमोर एसएम ५८ माईक, पखवाजाला दोन माईक (एक शाईकडे, एक धुमेकडे), पेटीला एक, टाळकऱ्यांवर एक कंडेन्सर (जास्त संवेदनशील माईक). ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मिक्स रीपर या सॉफ्टवेअरमध्ये करतोय.

टाळकरी बुवांच्या मागे साधारण दोन मीटरवर उभे होते. बुवांचा आवाज एका ओळीत भरदार, दुसरीत एकदम खाली, म्हणून कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणारं साधन) लावला. तर ओळ संपली की टाळ उसळून पुढे येतो. ४ ते ८ किलोहर्ट्झचा पट्टा इक्यूने (ठराविक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) कापला की टाळ बसतो, पण शब्द बोथट होतात. अभंगात शब्दच कळले नाहीत तर उरलं काय? गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावला तर टाळ मध्येच तुटतो, ते तर ऐकवत नाही. पुन्हा रेकॉर्डिंग होणार नाही. याच्याकडे कसं बघावं, सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद

बुवांच्या माईकमधून टाळ काढायचा नाद सोडा. तो तिथे आहेच, तर मिक्स त्याच ट्रॅकवरून उभा करा. टाळाचा माईक आधी पूर्ण बंद ठेवून ऐका. बऱ्याचदा बुवांच्या माईकवरचा टाळ पुरेसा असतो, मग वेगळा माईक चवीपुरता उघडायचा.

तो उघडाल तेव्हा वेळ जुळवा. आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे तुमचा टाळ बुवांच्या माईकवर ६ मिलिसेकंदांच्या आसपास उशिरा पोचतो आणि दोन्ही ट्रॅक एकत्र वाजले की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात. टाळ पोकळ, पत्र्यासारखा वाटतो तो त्यामुळेच. टाळाचा ट्रॅक तेवढा उशिरा वाजेल असा सरकवा, पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी करूनही पाहा आणि कानाला भरीव लागेल ते ठेवा.

कॉम्प्रेसरच्या आधी हाताने काम करा. ओळीओळीला व्हॉल्यूम ऑटोमेशन द्या: दबलेली ओळ वर, ओळ संपली की ३-४ डीबी खाली. वेळखाऊ आहे, पण भजनाला याला पर्याय नाही. नंतर कॉम्प्रेसर हलकाच, २ डीबीपेक्षा जास्त दाबू नका. ४ ते ८ चा पट्टा कायमचा कापण्याऐवजी डायनॅमिक इक्यू वापरा, ठोका पडेल तेवढ्यापुरताच तो दबेल. ८० हर्ट्झच्या खालचं बुवांच्या ट्रॅकवरून काढून टाका, तिथे फक्त धुमेची गुरगुर असते.

पुढच्या वेळी टाळकरी बुवांच्या समोर उभे करा. एसएम ५८ कार्डिऑइड आहे, त्याला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. तुमच्या मांडणीत माईकचं तोंड बुवांकडे, म्हणजे थेट टाळकऱ्यांकडेच होतं.

मूळ धागाकर्ता

खूप आभार. एका अभंगावर करून पाहिलं. टाळाचा माईक जवळजवळ बंद आहे आणि शब्द स्वच्छ येतायत. आता पेटी बुवांच्या सुराला झाकतेय, दोघेही एकाच पट्टीत आणि एकाच सप्तकात. पेटीचा १ ते ३ किलोहर्ट्झ थोडा उतरवावा, की ती बाजूला पॅन करावी (डाव्या किंवा उजव्या स्पीकरकडे सरकवावी)?

प्रतिसाद

आधी पॅन करा, थोडीच. तरी झाकत असेल तर तो पट्टा फक्त बुवा गातात तेवढ्यात उतरवा. ओळींच्या मधल्या जागेत पेटी भरू द्या, ती जागा तिचीच आहे.