जुन्या पिनबॉलला एलईडी? मी म्हणतो, नको

तळघरवाला
शिकागोजवळ राहतो. तळघरात १९८१ चं बॅली कंपनीचं 'एट बॉल डीलक्स' आहे. परवा एका मित्राकडे पूर्ण एलईडी केलेलं जुनं मशीन पाहिलं. निळसर पांढरा उजेड, चेंडू फिरतो त्या फळीवरचा केशरी रंग पार मेलेला. खेळतोय की दातांच्या डॉक्टरकडे बसलोय, कळेना. साधा ४४ नंबरचा बल्ब पेटताना किंचित रेंगाळतो, विझताना हळूच मावळतो. एलईडी म्हणजे नुसती उघडझाप. ज्या काळाचं मशीन, त्या काळाचा दिवा. बोला!

सोल्डरमास्तर
दादा, भावना पोचल्या. आता मशीनची उभी मागची पेटी उघडून वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायर बोर्डाचे कनेक्टर बघा. तपकिरी पडलेत ना? ४४ नंबरचा एक बल्ब ६.३ व्होल्टला २५० मिलिअँपियर खातो. कायम पेटलेले चाळीस धरा, झाले १० अँपियर, आणि तेही चाळीस वर्षं जुन्या पिनांतून! शिवाय त्या पेटीच्या काचेवरचं चित्र मागच्या बाजूनं छापलेलं असतं. बल्बनं रोज तापायचं, रोज गार व्हायचं, मग पापुद्रे सुटतात. चित्रच गेल्यावर कुठला काळ जपणार?

तळघरवाला
म्हणून तर ४७ नंबर लावतो. १५० मिलिअँपियर, चाळिसांचे ६ अँपियर. उजेड जरा कमी, पण जात तीच.

नवखी_टिल्ट
माझंही मशीन त्याच काळातलं. मी हौसेनं स्वस्तातले एलईडी सगळीकडे बसवले आणि खेळातले दिवे थरथरायला लागले. बॅलीच्या त्या बोर्डांवर अशा प्रत्येक दिव्यामागे एक एससीआर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो चालू राहायला ठरावीक किमान करंट लागतो, एलईडी तेवढा ओढतच नाही, मग तो मधेच हात सोडतो. शेवटी प्रत्येक दिव्याला समांतर ४७० ओहमचा रेझिस्टर जोडला. दोन रविवार पालथं पडून काम! गणपतीच्या मखराची माळ बरी, तिथं लुकलुक आपण मागून घेतलेली असते.

वाटाणा
दोष निवडीचा आहे हो. ६००० केल्विनचा निळसर पांढरा घ्यायचा आणि मग दवाखाना म्हणून रडायचं! २७०० च्या आसपासचा, उबदार पिवळसर, दुधी टोपीचा घ्या. फळीत बसवलेल्या लाल पारदर्शक तुकड्याखाली (इन्सर्ट) लालच लावा, पांढरा लावलात तर गुलाबी दिसतो. कायम पेटणाऱ्या दिव्यांना एसी मिळतो, तिथं दोन्ही दिशांनी चालणारा एलईडी हवा. एकाच दिशेचा असला तर इथल्या विजेवर सेकंदाला ६० वेळा विझतो, डोळ्याला जाणवतं ते. घोस्टिंगची, म्हणजे विझलेला दिवा मंद पेटलेला दिसण्याची भीती मात्र तुम्ही घेऊ नका, ती ओळी-रांगांच्या मॅट्रिक्सनं दिवे पेटवणाऱ्या विल्यम्स कंपनीच्या मशीनांची पीडा.

तळघरवाला
काचेचा मुद्दा टोचला, खोटं कशाला बोलू. मागच्या पेटीत उबदार एलईडी लावून बघतो. फळीवर मात्र ४७ च.

सोल्डरमास्तर
म्हणजे काच वाचली आणि फळीवरची प्लास्टिकं वाकली तरी चालतील? तीही बल्बच्या डोक्यावरच बसलेली असतात.

तळघरवाला
चाळीस वर्षांत नाही वाकली.

सोल्डरमास्तर
खालून टॉर्च मारून बघा, मग बोलू. आणि बल्ब कुठलेही लावा, आधी तो कनेक्टर बदला.