घरात चूल घालायची, पण जोडीदार राजी नाही: तुमचं कसं ठरलं?

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. नवीन स्वयंपाकघर बांधतोय. जळण घरच्या रानातलं आहे, पावसात सिलिंडरची गाडी वेळेवर येईल याचा भरवसा नाही, म्हणून मला धुराड्याची तीन भांड्यांची चूल घालायची आहे. मंडळी तयार नाही. "तुमच्या आईंचा खोकला विसरलात काय?" एवढंच म्हणाली, आणि मला उत्तर देता आलं नाही. तुमच्यात असा पेच पडला असेल तर कसा सुटला ते लिहा. गॅसच बरा असं ठरलं असलं तरी लिहा.

हलियाळकडून

मी त्या नको म्हणणाऱ्यांतली. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंची चूल उघडी. धूर कौलांतून जाईल तेवढा जायचा, उरलेला आमच्या डोळ्यांत. गॅस आला त्या दिवशी ती चूल मी माझ्या हातांनी फोडली. त्यामुळे ह्यांनी परत चुलीचं नाव काढलं तेव्हा दोन दिवस मी बोललेच नाही.

मग हे मला माझ्याच मावशीकडे घेऊन गेले. तिच्याकडे 'अस्त्र ओले' आहे (कन्नडात ओले म्हणजे चूल). बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अस्त्र केंद्रानं तयार केलेली ही चूल १९८० च्या दशकात कर्नाटकात बऱ्याच खेड्यांत पोचली. जाळ बंद पेटीत, लाकडाखाली जाळी, वर तीन भांडी. आच पहिल्या भांड्याखालून दुसऱ्या-तिसऱ्याखाली जाते आणि धूर पाइपातून बाहेर. मी तिथं बसून भाकऱ्या केल्या. डोळ्यांत पाणी आलं नाही. चुलीमागची भिंत बघितली, काळी नव्हती.

घरी येऊन अटी सांगितल्या. गॅस काढायचा नाही. जळण फोडून रचायचं काम त्यांचं. आणि आधी भांडी मी काढून देणार, मग त्या मापाची भोकं पाडायची, कारण भांड्याच्या कडेला फट राहिली की धूर तिथूनच घरात येतो. आता सकाळचं पाणी, भात नि आमटी चुलीवर होते, चहा आणि रात्रीचं गॅसवर. पाइपातली काजळी महिन्याला हे काढतात.

निपाणीजवळून

आमच्यात उलटं. चूल बायकोला हवी होती, अडून बसलो मी. वर स्लॅब, त्याला धुराड्यासाठी भोक पाडायचं मन होईना. म्हणून सुटी लोखंडी चूल बघायला गेलो. भारतीय मानक आयएस १३१५२ प्रमाणे साध्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के लागते. मला अर्थात पंख्याचीच पटली. बायकोनं विचारलं, "एवढे बारके तुकडे रोज कोण करणार?" साधीच घेतली. धूर कमी झालाय, गेलेला नाही, म्हणून ती मागच्या पडवीतच पेटवतो. भाकरी फुगवायला निखारे पुढं ओढता येत नाहीत, हे तिला अजून खटकतं आणि तिचं बरोबर आहे.

बेळगाव शहर

नवऱ्याला दमा आहे. चूल घातली नाही. मागं न्हाणीचा बंब तेवढा ठेवलाय, तो पहाटे मी पेटवते तेव्हा ह्यांना पुढच्या खोलीत बसवते. मांडे विकत आणतो.

कणकुंबीकडून

आम्ही दोघंही राजी होतो, तरी पहिला पावसाळा वाईट गेला. धुराडं आढ्याच्या खाली राहिलं होतं. पश्चिमेचं वारं सुटलं की धूर उलटा घरात, आणि लेकरू खोकायला लागलं. गवंड्याला परत बोलावून पाइप आढ्याच्या वर तीन फूट नेला, तेव्हा ओढ लागली.

जळण मार्चमध्येच फोडून शेडात रचा. ओल्या लाकडाची बरीचशी आच त्यातलं पाणी उडवण्यातच जाते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा, खणखणीत वाजल्या तर वाळल्या. काजूची टरफलं चुलीत घालू नका, त्यातलं तेल जळून घसा धरतो. आणि पाइपाला वर टोपी बसवा. आमच्यात पहिल्याच रात्री पाऊस सरळ चुलीत उतरला होता.