मदत हवी आहे: बायकांच्या पोटावरची चरबी आणि सामाजिक वर्ग

सोबल आणि स्टंकार्ड यांचा 1989 चा आढावा वाचला आहे: श्रीमंत देशांत गरीब स्त्रियांमध्ये लठ्ठपणा जास्त, गरीब देशांत उलट. मॉन्टेरो आणि सहकाऱ्यांचा 2004 चा लेखही पाहिला. देशाचं दरडोई उत्पन्न वाढतं तसा लठ्ठपणा खालच्या वर्गाकडे सरकतो, आणि स्त्रियांमध्ये हे पुरुषांपेक्षा आधी घडतं.

अडचण अशी की हे बहुतांशी वजन-उंचीच्या मापांवर, म्हणजे मुख्यतः बीएमआयवर (उंचीच्या मानाने वजन) उभं आहे. बीएमआयला चरबी पोटावर आहे की मांड्यांवर, याचा पत्ताच नसतो! मधुमेह, हृदयविकाराच्या दृष्टीने तर तेच महत्त्वाचं.

मला कंबरेचा घेर किंवा कंबर-नितंब गुणोत्तर (स्त्रियांसाठी धोक्याची रेषा 0.85) हवं आहे, एकाच देशात, निदान दोन वेगळ्या दशकांत मोजलेलं, शिक्षण किंवा उत्पन्नानुसार वेगळं केलेलं. रजोनिवृत्तीनंतर चरबी पोटाकडे वळते, म्हणून वयोगटही वेगळे हवेत. देश कुठलाही चालेल. स्वतः सांगितलेली मापं नकोत, लोक कंबर कमीच सांगतात. आहाराचे सल्लेही कृपया नकोत.

अशी मोफत मिळणारी आकडेवारी कुठे आहे? आणि बीएमआय सारखा असतानाही वर्गानुसार कंबरेत फरक उरतो का, हे कुणी तपासलंय?