आबाळ, हेळसांड की वनवास? 'चाइल्डहुड ॲडव्हर्सिटी'ला आपल्याकडं काय म्हणायचं?

मांजराकाठ
नमस्कार. अंबाजोगाई भागातल्या आशाताईंसाठी एक पत्रक मराठीत आणतेय. लहानपणी जे सोसावं लागतं, त्याचा पुढं मनाच्या आजारांशी काय संबंध, हा विषय. मूळ शब्द 'चाइल्डहुड ॲडव्हर्सिटी'. त्यात मार, शिव्या, लैंगिक अत्याचार, पोटाची उपासमार, घरातली दारू, डोळ्यांदेखत आईला होणारी मारहाण, आईबाप वेगळे होणं, घरातलं कुणी तुरुंगात असणं, एवढं सगळं येतं.

पुस्तकी शब्द 'बालपणीची प्रतिकूलता'. वाचून दाखवला तर एक ताई म्हणाली, "प्रतिकूल म्हणजे पावसापाण्याचं का?" शेतीच्या बातम्यांत तिनं तो शब्द ऐकलेला. मग मी 'लहानपणीची आबाळ' केलं. ते आमच्याच गटातल्या एका सरांनी खोडलं. आबाळ खाण्यापिण्याची होते, मार खाणाऱ्या पोराची आबाळ झाली असं कुणी म्हणत नाही, हे त्यांचं म्हणणं. माझी आजी केज तालुक्यातली. दारुड्या बापाच्या पोरांबद्दल ती हमखास म्हणायची, "लई आबाळ झाली लेकरांची." त्यात जेवणाचा संबंध नसायचा. तुमच्याकडं कसं म्हणतात?

गोदातीर
सर बरोबर आहेत. आबाळ म्हणजे निगा न राखली जाणं. निगेचा अभाव वेगळा, छळ वेगळा. तुमच्या यादीत दोन्ही आहेत, म्हणून दोन्हींना पोटात घेणारा शब्द लागतो आणि तो 'प्रतिकूलता'च. एकदा समजावून सांगितला की रुळतो. 'रक्तदाब' तरी कुणाच्या आजीचा शब्द होता? पस्तीस वर्षं नांदेडला मराठी शिकवलं, पोरं अवघड शब्दाला घाबरत नाहीत. आपणच त्यांच्या वतीनं घाबरतो.

बालाघाटी
सर, शब्द रुळतो हे खरं. पण ताई, तुम्ही 'हेळसांड' लिहू नका, एवढी विनंती.

मी धारूरचा. आईबाप ऊसतोडीला. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघायची, उन्हाळ्याच्या तोंडाला माघारी. मी आणि बहीण आजीपाशी. एका वर्षी आजी आजारी, म्हणून फडावर गेलो. कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत राहिलो, शाळा बुडाली. परत आल्यावर वर्गात सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं, "आईबापानं हेळसांड केली याची." मी तिसरीत होतो. तो शब्द अजून कानात आहे. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली, ती फेडायला कोयता घेऊन जावंच लागायचं. माझ्या आईनं काय हेळसांड केली?

बघा, आबाळ 'होते'. हाल 'होतात'. हेळसांड मात्र कुणीतरी 'करतं'. पत्रक वाचणारी बाई स्वतः टोळीत जाणारी असली, तर पहिल्याच ओळीला ती आरोपी होते.

मांजराकाठ
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी नामांच्या मागं लागले होते, खरी गोष्ट क्रियापदात आहे.

माळवद
क्रियापदावरून माझं. मी औसा तालुक्यातला, ३० सप्टेंबर १९९३ ला नऊ वर्षांचा. आदल्या दिवशी गणपती बुडवलेले, पहाटे चारच्या आत भूकंप. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, ते झोपलेल्या माणसांवर आलं. आमच्यातला एक चुलतभाऊ पुढं कैक वर्षं छताखाली झोपला नाही. पावसातसुद्धा बाज अंगणात. घरचे म्हणायचे, "त्यानं धसका घेतला."

'घेतला' का म्हणायचं? बसला म्हणा. 'घेतला' म्हटलं की लेकरानंच हात पुढं करून घेतल्यासारखं होतं. मग पुढचं वाक्य ठरलेलं: "बाकीच्यांनी नाही घेतला, ह्यानंच कसा घेतला?" 'मनाला लावून घेतलं' हेही तसंच.

गोदातीर
'धसका घेणे' हा रूढ वाक्प्रचार आहे. 'झोप घेणे', 'श्वास घेणे' यांतही दोष नसतो. क्रियापदावर एवढा भार टाकू नये.

माळवद
व्याकरणात भार नसेल सर, घरात असतो. मी पाहिलाय.

दुधना
मी जालन्याकडं समुपदेशनाचं काम करते. माझा अडलेला शब्द 'रिस्क फॅक्टर'. सरकारी कागदात 'जोखीम घटक' असतं. आमच्या बायकांना 'जोखीम' म्हणजे अंगावरचं सोनं. "एसटीत जोखीम घालून बसू नको" असंच बोलतात. 'धोका' म्हणावं तर इकडच्या बोलीत धोका 'दिला' जातो, म्हणजे दगा. आणि 'घटक' ऐकून एका आईनं विचारलं, "म्हंजी माझ्या पोरात काय मिसळलंय?" तिच्या चेहऱ्याकडं पाहून मी तो शब्द सोडला.

आता मी म्हणते, "असं झालेल्या लेकरांना पुढं त्रास होण्याची भीती जास्त असते." लांबलचक आहे, पण 'होतोच' असं त्यात येत नाही. ते येऊच नये. अमेरिकेत फेलिटी आणि ॲंडा या डॉक्टरांनी १९९८ मध्ये जो अभ्यास छापला, त्यात लहानपणी असे चार किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांमध्ये व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण काहीच न सोसलेल्यांपेक्षा ४ ते १२ पट दिसलं. पण हा हजारो माणसांचा हिशेब. एका लेकराची पत्रिका त्यावरून मांडता येत नाही. २०२० मध्ये ॲंडा यांनीच तसं बजावलंय.

बालाघाटी
पहिल्या पोस्टमधली यादी त्याच अभ्यासाची ना? पहिल्यांदा सात प्रकार होते, मग दहा केले. सगळे घराच्या चार भिंतींतले. भूकंप नाही, दुष्काळ नाही, फडावरची फरफट नाही. म्हणून त्या यादीचं भाषांतर करायला गेलं की बोट आपोआप आईबापाकडं जातं. शब्द आपण कितीही सांभाळून निवडला तरी.

गोदातीर
ही हरकत मला मान्य आहे. ती शब्दावर नाही, यादीवर आहे, तरीही मान्य.

'जोखीम'विषयी मात्र सांगतो, तो 'योगक्षेम'पासून आला असं एक मत आहे. मिळवणं आणि मिळवलेलं राखणं. जे राखायचं ते सोनंच, म्हणजे तुमच्या बायका मुळाच्या जवळ आहेत.

माळवद
आम्ही तर समजत होतो 'जोखणे'पासून. वजन करून घ्यायची वस्तू ती जोखीम.

गोदातीर
ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती ठरत नाही.

दुधना
ताई, 'आघात' हा शब्दही टाळा. एका शिबिरात 'बालपणातील आघात' ऐकून दोघीतिघींनी लेकरांच्या झटक्यांबद्दल विचारलं. पक्षाघात, हृदयाघात ऐकलेलं असतं. आणि पत्रकाच्या तळाशी टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ टाका.

बालाघाटी
आमच्याकडं म्हातारी माणसं याला 'वनवास' म्हणतात. "लहानपणी लई वनवास काढला." मार, भूक, सावत्रपणा, दुष्काळ, सगळं मावतं त्यात. आणि कुणी केला ते विचारावं लागत नाही.

गोदातीर
सरकारी पत्रकात 'वनवास'? उद्या 'किती वर्षांचा?' असं विचारतील. आलंकारिक शब्द पारिभाषिक होत नाही.

मांजराकाठ
काल एक करून पाहिलं. शीर्षक बाजूला ठेवलं आणि दोन आशाताईंना नुसतं विचारलं, "लहानपणचे दिवस कसे काढले?" एक तासभर बोलली. दुसरी गप्प राहिली, आणि निघताना म्हणाली, "आजीपाशी होते म्हणून निभले." 'काढणे' चालतंय. शीर्षक अजून कोरंच आहे. सर, तुमचा शब्द मी खोडलेला नाही.

गोदातीर
'काढणे' प्रश्नाला ठीक आहे. शीर्षकाला नाम लागेल.

पूर्णामाई
मी परभणीची, उशिरा वाचतेय. आमच्या घरी 'आबाळ' नाही, 'आबळ' म्हणायचे, मधला ब आखूड. "आबळ झाली गं पोरीची." लिहिताना कोणता बरोबर? आणि लेकरू आतल्या आत वाळत गेलं की आम्ही 'झुरणीला लागलं' म्हणतो, ते तुमच्याकडं आहे का?

माळवद
झुरणी आहे. माझी आई त्या चुलतभावाबद्दल तेच म्हणायची, आता आठवलं. 'आबळ' औशाकडं ऐकलं नाही.

बालाघाटी
धारूरला दोन्ही ऐकलंय. आजी 'आबळ' म्हणायची, आई 'आबाळ'.