वॉलपेपर नको, नुसता रंग : आधी गिलावा सुकू द्या

ताई, नव्या खोलीच्या भिंतींना काय करावं असं तुम्ही विचारलंय. गिलावा ताजा आहे, वॉलपेपर नको आहे, आणि तुमच्या प्रश्नावर एकांनी 'थेट दोन हात इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) मारा' असं सुचवलंय. कृपा करून तसं करू नका. सिमेंटच्या नव्या गिलाव्यात ओल आणि क्षार दोन्ही असतात. किमान 28 दिवस तो सुकू द्या, पावसाळ्यात त्याहूनही जास्त. नाहीतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात.

ओल आहे का हे घरीच कळतं. जाड प्लास्टिकचा हातभर लांब तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट चिकटवा आणि एक दिवस राहू द्या. आतून दव धरलं तर थांबा. बाथरूमला लागून असलेली भिंत तर नक्की तपासा. तिथे पाइप गळत असेल तर कितीही महाग रंग टिकणार नाही.

भिंत सुकली की व्हाइट सिमेंटच्या पुट्टीचे (भिंत गुळगुळीत करणाऱ्या लेपाचे) दोन पातळ हात, मग पॉलिश पेपरने घासणं. घासताना बॅटरी भिंतीला लावून आडवा उजेड पाडा, सगळे उंचवटे दिसतात. रंगारी हे सहसा टाळतात, पण सफाई इथेच ठरते, म्हणून समोर उभं राहून करून घ्या. धूळ ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) आणि शेवटी इमल्शनचे दोन हात.

जुनं दगडी किंवा मातीचं घर असेल तर मात्र मी चुनाच सुचवेन. त्यातून भिंतीतली ओल बाहेर पडू शकते.