आई तक्रार द्यायला तयार नाही. मी कळवू शकते का? (पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा)

मी शिकवण्या घेते. माझ्याकडे येणाऱ्या १० वर्षांच्या मुलीने परवा सांगितलं की घरातच राहणारा एक नातेवाईक तिला नको तिथे हात लावतो. बऱ्याचदा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) मी खोदून विचारलं नाही. ती बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख टाकून वहीत लिहिलं.

आईला सांगितल्यावर ती रडली, पण म्हणाली, "बाई, घरातलं घरात राहू दे. त्याला गावी पाठवतो." गावी काय मुलं नसतात?

आईवडिलांची संमती नसताना मला कळवता येतं का? पोरीला पोलीस ठाण्यात नेऊन त्याच्यासमोर उभं करतील, याची सगळ्यात जास्त धास्ती आहे. आणि उद्या घरच्यांच्या दबावाने ती "असं काही झालंच नाही" म्हणाली, तर खोट्या तक्रारीचं माझ्यावर शेकेल का?

---

प्रतिसाद (वकील आहे):
ताई, कळवता येतं का असं काय विचारता, कळवावंच लागतं. पोक्सोच्या कलम १९ मध्ये पालकांच्या संमतीची अट नाही. माहीत असून गप्प बसणाऱ्याला कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आईही यातून सुटत नाही. तिला हे धमकावून नको, पण नीट समजावून सांगा.

नातेवाईक, त्यात मुलगी १२ वर्षांच्या आतली, म्हणजे तुम्ही लिहिलंय त्यावरून कलम ९ (गंभीर लैंगिक हल्ला) लागेल. शिक्षा किमान ५, कमाल ७ वर्षं.

जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेशात नाही. कोर्टात आरोपी तिच्या नजरेस पडू नये अशी व्यवस्था करायची असते. त्याचा वकील तिला थेट प्रश्न विचारू शकत नाही, ते न्यायाधीशांमार्फत जातात. सुनावणी बंद दाराआड. हे झालं कायद्यात. ठाण्यात कधीकधी आठवण करून द्यावी लागते, तेव्हा जबाबाचं कलम २४ तोंडपाठ असू द्या.

खोट्या तक्रारीचं कलम २२ बदनामी, खंडणी, धमकी अशा हेतूने खोटं सांगणाऱ्यासाठी आहे. सद्हेतूने कळवणाऱ्याला कलम १९ मध्येच संरक्षण आहे. मुलीने शब्द फिरवला म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही.

प्रतिसाद:
पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. आरोपी त्याच घरात राहतो हे पहिल्याच वाक्यात सांगा, मुलीच्या सुरक्षिततेचा निर्णय त्यावरच होतो. समितीकडून सहायक व्यक्ती मागून घ्या. तपासापासून खटल्यापर्यंत कुणीतरी मुलीसोबत असतं, आईलाही धीर येतो. एकटीने ठाण्यात जायचं दडपण वाटत असेल तर आधी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

धागाकर्ती:
आभार. आत्ताच १०९८ ला फोन लावते. ती वही पोलिसांना देऊन टाकायची का?

प्रतिसाद (वकील आहे):
मागितली तर द्या, पण पोच घ्या आणि आधी पानांचे फोटो काढून ठेवा. आता त्यात खाडाखोड किंवा भर नको.